पोशाख खारकिव्हमध्येच राहिले

२०२२ च्या मार्चमध्ये खारकिव्ह हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचलं. युक्रेनच्या या शहरात अनेक भारतीय मुलं-मुली डॉक्टरकी शिकत होती, त्यांत मराठीही होती. २ मार्चला भारतीय दूतावासाने कळवलं, शहर ताबडतोब सोडा; वाहन मिळत नसेल तर चालत निघा आणि जवळच्या पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का या गावी पोहोचा. इकडे टीव्हीसमोर बसलेल्या आईवडिलांनी ही नावं पहिल्यांदाच ऐकली असतील.

त्याच सुमारास त्या शहरातून आणखी दोघं बाहेर पडली. ओलेक्सांड्रा नाझारोवा आणि माक्सिम निकितिन. दोघंही खारकिव्हचीच, तिथेच वाढलेली, आइस डान्समधली युक्रेनची अनेकदा विजेती ठरलेली जोडी. २०१८ च्या प्याँगचांग आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ती उतरली होती. बीजिंगचा समारोप २० फेब्रुवारीला झाला आणि २४ तारखेला युद्ध सुरू झालं. मध्ये उणेपुरे चार दिवस.

खारकिव्ह रशियाच्या सीमेपासून जेमतेम ४० किलोमीटरवर आहे. १९३४ पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी इथे होती. मधोमध प्रचंड मोठा स्वातंत्र्य चौक आणि त्याच्या कडेला काँक्रीटची डेर्झप्रोम ही १९२८ सालची भव्य इमारत. १ मार्चला याच चौकातल्या प्रशासकीय इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या फलाटांवर लोक गाद्या टाकून झोपू लागले. पुढे त्याच मेट्रोत मुलांचे वर्गही भरले.

वर्ग जमिनीखाली नेता आले, पण बर्फाचं मैदान उचलून कुठे नेणार? फरशीखालच्या नळ्यांमधून अतिथंड द्रव सतत फिरवावा लागतो, तेव्हा कुठे वरचा काही सेंटिमीटरचा थर टिकतो. म्हणजे सगळा खेळ विजेवर. २०२२ च्या ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले आणि घरातला दिवा लागण्याचीच पंचाईत झाली, तिथे बर्फाचं काय! काही मैदानं तर उरलीच नाहीत. द्रुझ्किव्का गावातलं आल्तायर हे बर्फाचं स्टेडियम २०२३ च्या जानेवारीत क्षेपणास्त्राने उद्ध्वस्त झालं.

आइस डान्समध्ये आणखी एक अडचण आहे, ती बाहेरून लक्षात येत नाही. हा दोघांचा खेळ. यात मोठ्या उड्या नाहीत, जोडीदाराला हवेत फेकणं नाही. दोघांनी एकमेकांच्या अगदी जवळ राहून एका तालात पावलं टाकायची. इतक्या जवळ, की बुटाच्या पात्याची मागची बाजूही मुद्दाम आखूड ठेवतात, एकाचं पातं दुसऱ्याच्या पात्यात अडकू नये म्हणून. अशी जोडी जमायला वर्षं जातात. आणि युद्धकायद्याने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी घातली. स्पर्धेला जायचं तरी खास परवानगी हवी. जोडीतल्या एकालाच जाता आलं, तर दुसऱ्याने बर्फावर एकट्याने काय करायचं?

नाझारोवा आणि निकितिन मात्र दोघंही निघाली, पोलंडमार्गे. मार्चअखेर फ्रान्समधल्या माँपेलिये शहरात जागतिक स्पर्धा होती. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना त्यात बंदी होती. दक्षिण फ्रान्सचं हे उबदार गाव, समुद्रही जवळच. स्पर्धेचे चमकदार पोशाख खारकिव्हमध्येच राहिले होते, म्हणून ही दोघं सरावाच्या साध्या कपड्यांत बर्फावर आली.

त्या मोसमात पहिल्या फेरीसाठी रस्त्यावरच्या नाचांचे ताल ठरलेले होते. सगळ्या जोड्या तशाच तयारीने आल्या होत्या. यांनी मात्र संगीत बदललं आणि जमालाचं ‘१९४४’ लावलं. स्टालिनने १९४४ मध्ये क्रिमियातल्या तातार लोकांना घरादारातून उठवून दूर पाठवलं, त्यावरचं हे गाणं. जमाला स्वतः त्याच समाजाची. याच गाण्यावर तिने २०१६ ची युरोव्हिजन स्पर्धा जिंकली होती. बर्फावर नाचणाऱ्यांनी आपल्या आनंदी नाचाच्या जागी हद्दपारीचं गाणं घ्यावं, यात सगळं आलं. गुणांच्या दृष्टीने ते शहाणपणाचं होतं का, हा प्रश्न मला तरी गैरलागू वाटतो. नाच संपला तेव्हा प्रेक्षक उभे होते, पिवळे-निळे झेंडे हलत होते आणि नाझारोवाच्या डोळ्यांत पाणी होतं.

खारकिव्हचाच दिमित्रो शार्पार दुसऱ्या प्रकारात, पेअर स्केटिंगमध्ये खेळायचा. २०१६ मध्ये तो लिलेहामरच्या युवा ऑलिम्पिकमध्ये उतरला होता. २०२३ च्या जानेवारीत बाख्मुतच्या लढाईत तो मारला गेला. वय २५.

माँपेलियेत दुसरी फेरी राहिली होती, मुक्त नृत्याची. त्यासाठी बसवलेला नाच, त्याचं संगीत, सगळं युद्धाच्या आधीचं. ती दोघं त्या फेरीत उतरली नाहीत आणि त्यानंतर कुठल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिसली नाहीत. निकालाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे क्रमांक नाही, फक्त माघारीची खूण आहे.