एकट्याची शर्यत

घरात मुलं असली की खेळावरून वाद होतातच. आमच्या लहानपणी ते कॅरम आणि गोट्यांवरून व्हायचे, आता मोबाईल आणि गेमवरून होतात. आम्ही दोघंही शिक्षक. एक उर्दू शाळेत, एक मराठी. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना सांगतो की गेम कमी खेळा, आणि संध्याकाळी घरी येऊन तेच आपल्या मुलांना सांगतो. त्यामुळे या मासिकात एका गेमबद्दल लिहिताना संकोच वाटतो. पण त्या गेमच्या निमित्ताने आमची एक चूक आम्हाला दिसली. ती आणखी काही घरांत होत असेल, म्हणून लिहितो आहोत.

2017 च्या नोव्हेंबरात मुलांचे मामू दुबईहून सुट्टीवर आले. खजूर, अत्तर, साबण यांच्याबरोबर त्यांच्या बॅगेतून या वेळी एक प्लेस्टेशन निघालं आणि त्यासोबत 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट' नावाचा मोटारशर्यतीचा गेम. तो बाजारात येऊन महिनाच झाला होता. आमचा थोरला तेव्हा आठवीत होता. मामूंचा मुलगा तिकडे दुबईत आणि हा इकडे कोकणात, दोघं मिळून शर्यत लावतील, असा मामूंचा बेत होता.

या गेमची थोडी माहिती दिली पाहिजे. ग्रॅन टुरिस्मो ही जपानमधली जुनी मालिका. काझुनोरी यामाउची यांनी ती सुरू केली आणि तिचा पहिला भाग 1997 साली आला. त्यातली गंमत अशी की खेळाडूकडे सुरुवातीला थोडेसेच पैसे असतात. त्यात जुनी-पानी गाडी घ्यायची, लहान शर्यती जिंकायच्या, परवान्याच्या परीक्षा द्यायच्या, मिळालेल्या बक्षिसातून गाडी सुधारायची आणि हळूहळू वर चढायचं. हे सगळं एकट्याने, आपल्या सवडीने. वीस वर्षं लोक ही मालिका अशीच खेळत आले होते.

2017 च्या भागात कंपनीने वाट बदलली. आता मुख्य गोष्ट होती ती इंटरनेटवरून जगभरच्या खेळाडूंशी शर्यत लावण्याची. त्यासाठी दोन श्रेणी ठेवल्या होत्या. एक गाडी किती वेगाने चालवता याची, दुसरी किती सभ्यपणे चालवता याची. दुसऱ्याला धडक दिली, रस्ता सोडून आडवाटेने पुढे गेलात, की दुसरी श्रेणी खाली येते. शर्यतीत उतरण्याआधी खिलाडूवृत्तीवरच्या दोन छोट्या फिल्म बघाव्याच लागतात. शिक्षक म्हणून आम्हाला हे फार आवडलं. नुसता वेग नाही, अखलाकही मोजला जातो, असं आम्ही कौतुकाने मामूंना म्हणालो होतो.

पण जुनी, एकट्याने पायरी पायरीने चढायची शर्यतींची मालिका त्यात नव्हती. सरावाचे धडे होते, छोटी आव्हानं होती, यंत्राविरुद्ध सुटी शर्यत होती. तेवढंच. शिवाय खेळलेलं जपून ठेवायचं, तर इंटरनेट चालू असावं लागे. नेट गेलं की गेमचा बराचसा भाग बंद.

आमच्या गावात त्या वेळी नेटची काय अवस्था होती, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. वारा सुटला तरी जायचं.

थोरल्याची अडचण मात्र नेटपेक्षा वेगळी होती, आणि ती आम्हाला कळली नव्हती. तो बोलताना अडखळायचा. 'क' आणि 'त' वर जीभ अडकायची. घरात फारसं जाणवायचं नाही, पण शाळेत उभं राहून धडा वाचायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. वर्ग हसायचा. मग तो उभाच राहिनासा झाला. त्याच्या वर्गशिक्षकांनी आम्हाला दोनदा बोलावून सांगितलं, आणि आम्ही घरी येऊन त्याला धीट हो, सगळ्यांसमोर वाच, सवय होईल, असं बजावलं. स्वतः शिक्षक असून आमच्याकडे एवढाच उपाय होता.

गेममध्येही तेच चाललं होतं. अनोळखी लोकांबरोबरच्या शर्यतीत हा घाबरून चुकायचा, कुणाला तरी घासायचा, श्रेणी खाली यायची. धडक दुसऱ्याने दिली तरी कधी कधी दोघांचेही गुण कापले जातात, अशी पुष्कळ खेळाडूंची तक्रार होती. याला ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

डिसेंबरात एका संध्याकाळी मगरिबची अजान झाली. टीव्ही बंद कर, वजू कर, असं आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "अब्बा, दोनच मिनिटं. मध्येच सोडली तर गुण जातात." इंटरनेटवरची शर्यत थांबवता येत नाही, कारण समोर दहा-पंधरा जण धावत असतात. आम्हाला एवढंच दिसलं की अजान झाली आहे आणि मुलगा हुज्जत घालतो आहे. आम्ही भिंतीतली पिन उपसली.

तो रडला. आम्हाला वाटलं, गेमसाठी रडतो आहे. दुसऱ्या दिवशी ते यंत्र खोक्यात घालून कपाटावर गेलं. त्यानंतर आठवडाभर तो आमच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलला नाही. त्या संध्याकाळी तो कुणालाही न घासता प्रथमच तिसऱ्या क्रमांकावर होता, हे त्याने पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं.

त्याच महिन्यात त्या गेममध्ये एक मोठी भर पडली. कंपनीने 'जीटी लीग' नावाने एकट्याने खेळायच्या शर्यतींची मालिका मोफत दिली. नवशिक्यांची लीग, मग पुढची, मग त्याच्याही पुढची. खेळाडूची पातळी वाढेल तशी दारं उघडत जातात. सोबत बारा नव्या गाड्याही आल्या. त्यात फेरारी होती, लॅम्बोर्गिनी होती, फोक्सवॅगनची जुनी प्रवासी व्हॅन होती, आणि आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या स्विफ्टची शर्यतीची बहीण, सुझुकी स्विफ्ट स्पोर्टही होती.

यावर खेळाडू काय म्हणाले, ते मामूंच्या मुलाने फोनवर सांगितलं. ते ऐकताना आम्हाला पालकसभेची आठवण झाली. काही जण खूश होते. दिवसभर काम करून रात्री अर्धा तास मिळणारे, घरात लहान मुलं असणारे, नेट धड नसणारे, अनोळखी लोकांत जायला न धजणारे, हे सगळे म्हणाले की आता कुठे आमचा गेम आम्हाला परत मिळाला. काही जण चिडलेलेच होते. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत घेतली, मग हे पहिल्या दिवशीच का नव्हतं, असा त्यांचा सवाल. काहींना भर अपुरी वाटली. शर्यती थोड्या, यंत्राच्या गाड्या रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक ठरलेल्या रेषेतून जातात, आपण शेवटून सुरुवात करून त्यांना ओलांडत जायचं, त्यात खरी टक्कर कुठे? शिवाय एकट्याने खेळायचं तरी जपून ठेवायला नेट हवंच, ही तक्रार कायम होती. आणि माणसांशी शर्यत लावण्याची गोडी लागलेले काही जण म्हणत होते की यंत्राला हरवण्यात काय मजा.

खरं सांगायचं तर आम्ही या शेवटच्या गटात होतो. एकट्याने खेळणं हा काय खेळ झाला? आपला दीन जमातीचा. जमातीच्या नमाजचा सवाब एकट्याच्या नमाजपेक्षा सत्तावीस पट, हे आम्ही मुलांना लहानपणापासून सांगत आलो. मुलाने चार माणसांत मिसळावं, हीच आमची धडपड. त्याने आणखी एकटं व्हावं, यासाठी खोकं खाली काढायचं का?

थोरला दुसऱ्या दिवशी आमच्यासमोर आला आणि वहीचं एक पान ठेवून निघून गेला. बोलताना अडखळू नये म्हणून त्याने अर्ज लिहिला होता. अगदी आम्ही शाळेत शिकवतो तसा, विषय वगैरे घालून. खाली तीन मुद्दे होते. पहिला, यात अनोळखी माणसं नाहीत. दुसरा, अजान झाली की ही शर्यत थांबवता येते आणि नमाजनंतर तिथूनच सुरू करता येते. तिसरा, यात चुकलं तर कुणी हसत नाही.

पहिले दोन मुद्दे त्याने आमच्यासाठी लिहिले होते, हे लगेच कळलं. तिसरा त्याचा होता. तो आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या वर्गांतली कितीतरी मुलं डोळ्यांसमोर आली, ज्यांना आम्ही चल, उभा राहा, वाच, असं सांगून बाकीच्या पन्नास मुलांच्या हाती दिलं होतं.

त्या रात्री आम्हाला बुखारी शरीफमधली एक हदीस आठवली. आधी कितीदा वाचली होती, पण या बाजूने कधी पाहिली नव्हती. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. तयार केलेल्या, कसलेल्या घोड्यांची शर्यत हफ्यापासून सनियतुल वदापर्यंत, म्हणजे पाच-सहा मैलांची. आणि जे घोडे अजून तयार झाले नव्हते, त्यांची वेगळी शर्यत, सनियापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत, जेमतेम मैलभराची. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) स्वतः त्या शर्यतीत उतरले होते. कच्च्या घोड्याला घरी बसवलं नाही, आणि कसलेल्या घोड्यांच्या गर्दीतही ढकललं नाही. त्याच्यासाठी त्याला झेपेल एवढं अंतर आखून दिलं.

आम्ही आमच्या कच्च्या घोड्याला सरळ पाच मैलांच्या शर्यतीत उभं करत होतो, आणि तो मागे पडला की त्याला धीट हो म्हणत होतो.

खोकं खाली आलं. अटी ठरल्या. शाळेच्या दिवशी पाऊण तास, अजान झाली की थांबवायचं, आणि गेममध्ये पैसे घालायचे नाहीत. ही शेवटची अट पुढे उपयोगी पडली, कारण 2018 साली त्या गेममध्ये खऱ्या पैशांनी गाड्या घेण्याची सोय आली. ज्या घरांत मुलांच्या यंत्राला आई-बापांचं कार्ड जोडलेलं असतं, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. नवी भर उतरवून घ्यायला आमच्या नेटने तीन रात्री घेतल्या. मग थोरल्याने नवशिक्यांच्या लीगमधला 'संडे कप' सुरू केला. लहान गाड्या, लहान शर्यत. तो हरायचा, पुन्हा लावायचा. कुणी बघत नव्हतं. आम्हीही तिथे बसायचं नाही, असं ठरवलं होतं.

आणि वाचनाचंही तसंच करून पाहिलं. मोठ्याने वाच म्हणायचं बंद केलं. जुना मोबाईल त्याला दिला आणि सांगितलं, दार लावून धडा वाच, रेकॉर्ड कर, ऐक, नको वाटलं तर पुसून टाक. आम्हाला ऐकवायची गरज नाही. दीड महिना आम्ही काही विचारलं नाही. बंद दारामागून 'क... क... कधी' असं ऐकू यायचं आणि आम्ही स्वयंपाकघरात गप्प बसायचो. उठून जावं, मदत करावी, असं फार वाटायचं. तेच सर्वांत कठीण होतं.

एका रात्री तो रेकॉर्डिंग घेऊन आधी धाकट्या बहिणीकडे गेला. मग अम्मीकडे. मग अब्बांकडे. त्यानंतर मार्चमध्ये वर्गात त्याने उभं राहून चार ओळी वाचल्या. दोनदा अडखळला आणि खाली बसला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. तो आजही अडखळतो. वाणीदोषावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे पुढे वर्षभर नेलं, त्याचाही फायदा झाला. खरं तर ते आधीच करायला हवं होतं. पण उभा राहायला तो पुन्हा कधी नाही म्हणाला नाही. आणि इंटरनेटवरच्या शर्यतीतही तो उन्हाळ्यात परतला, आपणहून, दुबईच्या भावाबरोबर.

आमच्या वर्गांत आता एक नियम आहे. उद्या ज्याला वाचायचं आहे, त्याला आज सांगायचं, आणि त्याने घरी एकट्याने ते वाचून यायचं. अचानक कुणाला उभं करायचं नाही. जमात हवीच. पण मुलाला आपण नमाज शिकवतो, तेव्हा आधी घरात, चटईवर शिकवतो. पहिल्याच दिवशी ईदगाहच्या पहिल्या रांगेत उभं करत नाही.

कंपनीनेही आपल्या परीने ऐकलं, असं म्हणावं लागेल. पुढची काही वर्षं त्या लीगमध्ये शर्यती वाढत गेल्या, लांब पल्ल्याच्याही आल्या, आणि गाड्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. तक्रार करणारे करत राहिले. पण ज्यांच्यासाठी ती भर होती, ते बहुधा गप्पपणे खेळतच बसले असतील.

2024 च्या जानेवारीत पुण्याहून थोरल्याचा फोन आला. तो तिकडे शिकत होता. म्हणाला, "अब्बा, 31 तारखेला त्या गेमचे सर्व्हर बंद होणार आहेत. यंत्र एकदा नेटला जोडून शेवटचा अपडेट घेऊन ठेवा. मग नेटशिवायही खेळलेलं जपून राहील." इंटरनेटवरच्या शर्यती, श्रेणी, जगभरचे प्रतिस्पर्धी, सगळं त्या दिवशी संपलं. उरली ती एकट्याने खेळायची लीग, जी सुरुवातीला कुणाला द्यावीशी वाटली नव्हती.

त्याने सांगितलं तसं आम्ही सगळं केलं. अपडेट उतरला. इशाच्या नमाजला अजून वेळ होता, घरात आम्ही दोघंच होतो. मग संडे कप लावला आणि स्विफ्ट घेतली. पहिल्याच वळणावर गाडी मातीत गेली. आम्ही शेवटचे आलो. पुन्हा लावली.