हिशेबाची वही

मराठी प्रवासवर्णने वर्गात शिकवताना एक गोष्ट आम्हांला नेहमी जाणवत आली आहे. त्यांत खर्चाचे आकडे क्वचितच येतात. निसर्ग येतो, स्थापत्य येते, लेखकाची फजिती तर हमखास येते. पण खोलीचे भाडे किती पडले, सामान कोणी उचलले आणि त्याला काय दिले, हे सांगणे बहुधा अभिरुचीला सोडून वाटत असावे. अपवाद ठळक आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'च्या (प्रसिद्धी १९०७) मुळाशी घरावरचे कर्ज आहे. १८५७ च्या वणव्यात सापडलेला हा भिक्षुक दक्षिणेसाठी घराबाहेर पडला होता. कोणाकडून काय मिळाले आणि काय लुटले गेले, हे त्याला लिहावेसे वाटले, कारण ते त्याच्या दृष्टीने गौण नव्हतेच.

२०१८ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघे नेपाळात लांगटांगच्या खोऱ्यात पाठीवर पिशव्या टाकून हिंडून आलो. दोघे आणि दोघी, सगळे चाळिशी ओलांडलेले, एम.ए.च्या वर्गापासूनचे मित्र, आणि आता वेगवेगळ्या गावी मराठी शिकवणारे. आमच्यांतले दोघे तेव्हाही तासिका तत्त्वावर होते. त्यांचे मानधन किती महिन्यांनी हाती पडते हे या क्षेत्रातल्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा काटकसर ही हौस नव्हती, अटच होती. मुंबईहून गोरखपूर शयनयान डब्यातून, पुढे बस, आणि सुनौलीची सीमा पायी. भारतीयाला व्हिसा लागत नाही. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात आणि हा दर १९९३ पासून तसाच बांधलेला आहे. मात्र शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट घ्यायला तेव्हा दुकानदार राजी नसत. २०१६ ची नोटबंदी तिकडेही विसरलेली नव्हती. सामायिक निधी, एक हिशेबनीस, एक लाल पुठ्ठ्याची वही. हिशेबनीस मैत्रीण भाषाविज्ञान शिकवते, त्यामुळे सदरांच्या व्याख्यांबाबत ती फार काटेकोर.

काठमांडूहून स्याफ्रुबेंसीपर्यंतची बस हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो आम्ही लिहिणार नाही. अंतर फार नाही, पण दिवस जातो. बसच्या तिकिटावर विक्रम संवत २०७५, कार्तिक महिना. रस्त्यावरच्या पाट्या देवनागरीत, त्यामुळे परदेशात आल्यासारखे काही वाटेना. 'शिक्षा कार्यालय' अशी पाटी आली, तेव्हा चार मास्तरांना हसू आवरले नाही. 'बाटो' म्हणजे वाट, 'सस्तो' म्हणजे स्वस्त, इतपत कळत होते, आणि लिपी एक असली की भाषाही कळते असा भ्रम दोन दिवस छान टिकला.

वाद झाला तो स्याफ्रुबेंसीला. 'भरिया' घ्यायचा की नाही? नेपाळीत ओझे वाहणाऱ्याला भरिया म्हणतात. एकाचे म्हणणे असे की आपली ओझी आपण वाहावीत. पैसे वाचतात, शिवाय दुसऱ्याच्या पाठीवर आपले कपडे लादून डोंगर पाहणे यात सभ्यता नाही. दुसरीचे म्हणणे असे की या खोऱ्यात माणसाला रोख मजुरी मिळवण्याचे मार्ग मोजके आहेत आणि आपल्या सभ्यतेचा खर्च त्याने का सोसावा? दोन्ही बाजू आम्ही तास घेतल्यासारख्या मांडल्या. अखेर मतदान झाले आणि तीन विरुद्ध एक असा निकाल लागला. चौघांचे मिळून बावीस किलो सामान, दिवसाला अठराशे नेपाळी रुपये, जेवणखाण त्याचे तो बघणार. माणशी रोजचे दोनशे एक्क्याऐंशी भारतीय रुपये पडतात, हे हिशेबनिसाने तिथल्या तिथे काढले. वहीत 'वाहतूक' या सदरात ही रक्कम गेली.

तो रसुवा जिल्ह्यातलाच, तामाङ, तीस-बत्तिशीचा होता. डोको म्हणजे वेताबांबूची निमुळती पाटी, नाम्लो म्हणजे कपाळावरून घेतलेला पट्टा, तोक्मा म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी. दम लागला की ही काठी डोकोखाली टेकवायची आणि उभ्याउभ्याच भार तिच्यावर द्यायचा. वाटेवर जागोजागी ओझे टेकण्याचे दगडी कट्टे आहेत. डोको पाठीवरून न काढता टेकता येईल इतक्याच उंचीचे. आमच्यांतला छंदःशास्त्रवाला म्हणाला, "ही यती आहे रे, चरणातली. वाचणाऱ्याच्या सोयीची नव्हे, वाहणाऱ्याच्या सोयीची." एरवी त्याच्या कोट्या आम्ही फारशा मनावर घेत नाही. ही मात्र राहिली.

खोऱ्यातले अर्थशास्त्र दोन दिवसांत समजले. खोली जवळजवळ फुकट मिळते. अट अशी की रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी तिथेच घ्यायची. खरा दर जेवणात असतो आणि तो उंचीबरोबर चढतो, कारण तांदूळ, तेल, गॅसची टाकी, सगळे वरपर्यंत खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून जाते. लांगटांगला दालभाताचे साडेपाचशे झाले, म्हणजे आपले तीनशे चव्वेचाळीस. भात मात्र हवा तितका, पुन्हा पुन्हा. एका परदेशी जोडप्याने तिथे चहाच्या दरावरून बरीच घासाघीस केली. मालकीणबाई हसून आत निघून गेल्या आणि आल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी चढणीवर भरिया आमच्या मागे उभा राहून "बिस्तारै, बिस्तारै" म्हणत होता. सावकाश, दमाने. ऐकताना आपल्याला 'विस्तार' आठवतो. घाई न करता पसरत जावे तसे चालणे. आम्ही म्हटले, मराठीत याला 'सावकाश' म्हणतात. तो थांबला आणि म्हणाला, "मराठी थोडी येते मला." तीन वर्षे पुण्याजवळ एका हॉटेलात तो होता. काय येते, असे कौतुकाने विचारल्यावर त्याने बोटे मोजत म्हणून दाखवले: "लवकर. चल ऊठ. पुसून घे. जागा नाही. किती वेळ? उद्या बघू." उच्चार स्वच्छ होते. 'सावकाश' हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता.

आम्ही चौघांनी मिळून या भाषेत ऐंशीएक वर्षे शिकवलेले आहे. अभिजात दर्जाची मागणी करणाऱ्या निवेदनांवर सह्या केल्या आहेत, बोलींवर प्रबंध तपासले आहेत. मराठीचा जो भाग सीमेपलीकडे जाऊन एका माणसाच्या स्मरणात टिकला, तो सगळा हुकमाच्या आणि टाळाटाळीच्या सुरात होता. व्याकरण म्हणून पाहिले तरी विलक्षण नमुना आहे: त्यात एकही 'मी' नाही. दारावरच्या रखवालदाराला, मग तो कुठल्याही जिल्ह्याचा, कुठल्याही जमातीचा असो, सरसकट 'गुरखा' किंवा 'बहादूर' म्हणून मोकळे होणाऱ्या समाजाकडून त्याला याहून अधिक शब्द मिळायचे कुठून?

त्याच दुपारी लांगटांग गाव आले. म्हणजे आधी जुने गाव होते ती जागा आली. २५ एप्रिल २०१५ ला, शनिवारी दुपारी बारा वाजायच्या सुमारास झालेल्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने वरचा बर्फ आणि कडा कोसळून हे गाव गाडले गेले. तिथे आता दगडगोट्यांचा रुंद उतार आहे आणि वाट त्याच्यावरून जाते. कड्याच्या पोटाशी असलेले एकच घर वाचले. पुढे थोड्या उंचीवर नवे गाव वसले आहे. वाटेत मृतांच्या नावांची कोरीव भिंत आहे. आम्ही नावे वाचत गेलो. लिपी वाचता येण्याचा एवढा भार आधी कधी झाला नव्हता. भरियाने डोको उतरवला, तोक्मावर टेकला नाही, पूर्ण उतरवला, आणि भिंतीला उजवी घालून आला.

त्या शनिवारी तो पुण्याजवळच होता. घरचा फोन लागेना. संध्याकाळी त्याने मालकाकडे सुटी आणि राहिलेला पगार मागितला. "उद्या बघू." रविवारीही तेच. सोमवारी तो पगार सोडून निघाला. घरचे वाचले होते, घर नव्हते. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. 'उद्या बघू'चा अर्थ नीट समजावून द्यावा, तसे सांगितले.

नेपाळीत लाहुरे असा एक शब्द आहे. एकेकाळी रणजितसिंहाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जात, त्यावरून परमुलखात चाकरीला गेलेला तो लाहुरे. आपल्या चाकरमान्याचाच सोयरा. लक्ष्मीप्रसाद देवकोटांचे 'मुना मदन' (१९३६) हे नेपाळीतले बहुधा सर्वांत लाडके काव्य अशाच एका जाणाऱ्याचे आहे. मदन ल्हासाला पैसा मिळवायला जातो, परतीच्या वाटेवर आजारी पडतो, सोबती त्याला टाकून जातात आणि एक भोटे माणूस त्याला जगवतो. घरी येतो तो उशिरा. देवकोटांनी त्यासाठी पंडिती वृत्त न घेता झ्याउरे हा लोकछंद घेतला. आजही नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक रक्कम बाहेर गेलेली माणसे घरी धाडतात. जगातल्या डोंगराळ देशांत आपण फिरायला जातो, आणि त्याच वाटेने उलट दिशेने तिथली माणसे आपल्याकडे येतात, या दोन प्रवासांचे वर्णन एकाच पुस्तकात आलेले आम्ही अजून वाचलेले नाही.

क्यानजिन गोम्पाला, सुमारे ३,८०० मीटरवर, आम्ही दोन रात्री राहिलो. समोर ७,२०० मीटरहून उंच लांगटांग लिरुङ. त्याचे वर्णन करण्याचा मोह होतो. पण ते काम आधीच पुष्कळांनी केले आहे. तिथल्या पनीरघरातले याकच्या दुधाचे चीज तेवढे सांगतो: महाग, चिवट, उत्तम.

खाली आल्यावर सात दिवसांचे बारा हजार सहाशे रुपये मोजून दिले, वर काही बक्षीस. त्याने ते न मोजता खिशात घातले आणि 'सावकाश' हा शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला. रात्री वहीवरून पुन्हा वाद. 'वाहतूक' हे सदर छंदःशास्त्रवाल्याला मान्य नव्हते. खेचराचे भाडेही त्याच सदरात आले असते, असे तो म्हणाला. 'माणसे' असे सदर करावे तर हिशेबनीस म्हणे, मग उरलेला खर्च कोणावर झाला? नोंद जिथे होती तिथेच राहिली, तिच्याभोवती पेन्सिलीने चौकट आखलेली.

भाऊबीजेच्या, तिथल्या भाइटीकेच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही सीमेकडे निघालो. बस परतणाऱ्या मुलांनी भरलेली. अनेकांच्या कपाळावर बहिणीने लावलेला सात रंगांचा टिळा अजून ओला वाटावा असा. गोरखपूरहून गाडीत आमच्या समोरच्या बाकावर तिघे होते. कोणी रात्रपाळीचा रखवालदार, कोणी स्वयंपाकघरात. इटारसी गेल्यावर त्यांतल्या सर्वांत लहानाने, तो पहिल्यांदाच येत होता, विचारले की कल्याण कधी येईल. आम्ही वेळ सांगितली. मग त्याने विचारले, तिथे कुठली भाषा बोलतात, आणि अवघड आहे का. चौघेही एकदमच बोलायला लागलो.