बोलायचा परवाना

येळ्ळूरच्या गडावर, म्हणजे राजहंसगडावर, आम्ही वर्षातून दोन-तीनदा तरी जातो. आता गाडी पार वरपर्यंत जाते, पण आमच्या घरचा नियम असा की गाडी खालीच लावायची आणि चालत चढायचं. नियम मामंजींचा. ते स्वतः मात्र गेली चार वर्षं आले नाहीत. गुडघे ऐकत नाहीत.

माझ्या पिशवीत चपात्या, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी. ह्यांच्या पिशवीत वायरलेस सेट, दोन बॅटऱ्या आणि गुंडाळलेली दीड मीटरची अँटेना. पोरांचे हात मोकळे, हे सांगायला नकोच. हे आणि मामंजी दोघंही परवाना असलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. लग्न होऊन आले तेव्हा गच्चीवरच्या तारा बघून मला वाटलं होतं, कपडे वाळत घालायची चांगली सोय आहे!

वर पोचल्यावर आधी सिद्धेश्वराचं देऊळ, मग सावली बघून बैठक. ह्यांनी बांबूला अँटेना बांधली. दोन मीटरचा बँड, १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास. या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडल्या. म्हणून उंचीला महत्त्व. शंभर मीटर उंचीवरून सपाट मुलखात चाळीसेक किलोमीटर जातात, असा हिशोब आहे. आणि सेट किती ताकदीचा, तर पाच वॅटचा. आमच्या न्हाणीघरातला दिवा त्याहून मोठा आहे. डोंगरमाथ्यावरून असं बोलायचा एक रीतसर खेळ २००२ साली इंग्लंड-वेल्समध्ये सुरू झाला. माथ्यावरून चौघांशी बोलणं झालं की गुण मिळतात. ह्यांना गुणांचं काही नाही. ह्यांना एकाशीच बोलायचं असतं.

"मोबाईल आहे की," धाकटा दर वेळी म्हणतो. आहे. पण मोबाईलवर मामंजींना आमचं निम्मंही कळत नाही. सेटला हेडफोन लावून, बटण फिरवत बसले की त्यांना सगळं ऐकू येतं. शिवाय एकानं बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, मग दुसऱ्यानं. दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेण्याची अशी सक्ती आमच्या घरात एरवी कुठं आहे?

दोन हाकांत शहापुरातून उत्तर आलं. आवाज असा खणखणीत, की मला ते चार वर्षांपूर्वीचे, काठी टेकत पुढं चालणारे मामंजी वाटले. वारं कुठलं आहे, तळ्यात पाणी किती, धाकटा दमला काय, सगळं विचारलं. मग म्हणाले, "सूनबाईंना विचार, गड बरा दिसतोय काय? ओव्हर."

मी हात पुढं केला. ह्यांनी सेट मागं घेतला. "परवाना नाही तुला." मग स्वतःच बोलले, "होय म्हणते, अण्णा. छान दिसतोय."

मी काही म्हणालेच नव्हते. मला म्हणायचं होतं की तटाच्या खालचा जो दगड तुम्ही बसायचा, त्याच्यावर आता रानगवत आलंय. सोळा वर्षं मी त्या घरात भाकरी थापत दोघांचं बोलणं ऐकतेय, आणि नेमकी आज मला मुकी करून ठेवली. नियम बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला.

चार वाजता उतरलो. दिवस मावळायच्या आत मामंजींचं ताट वाढायचं असतं. ताटावर बसताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, नुसतं विचारलं, "खरं काय म्हणायचं होतं?" मी दगडाचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून त्यांची जुनी वही होती. पहिल्या पानावर ओहमचा नियम. अंदमानात २००४ च्या त्सुनामीवेळी भारती प्रसाद यांनी रेडिओवरून निरोप पोचवले, ते कात्रणही आत. "तुमच्यासाठी खालच्या श्रेणीचा परवाना बास," म्हणाले. "मोर्स लागत नाही. व्ही.यू. तीननं सुरू होणारी खूण मिळेल." बारा वर्षांवरच्या कुणालाही परीक्षा देता येते म्हटल्यावर थोरलीही बसली माझ्या शेजारी.

ओहम जमला. कपॅसिटर अजून डोक्यात शिरत नाही. अर्ज भरून झालाय, परीक्षेची तारीख यायची आहे. मामंजी रोज टपालाची वेळ झाली की दारात खुर्ची टाकून बसतात.