पिशवी काढल्यावर

‘गर्भाशय’ हा शब्द डॉक्टरांच्या कागदावरचा. आपण बायका म्हणतो पिशवी. भाजीची असावी तशी! माझीही काढली. आत गाठी होत्या, दोन वर्षं अंगावरून फार जात होतं, हिमोग्लोबिन आठवर आलेलं. दुसरा उपाय उरला नव्हता.

वरचे टाके वाळले की घरच्यांना वाटतं, झालं. आतले टाके कोणाला दिसत नाहीत. डॉक्टरांनी सहा आठवडे जड उचलायला मनाई केली होती. भरलेली बादली, पिठाचा डबा, गादी, सगळंच त्यात आलं. हे ज्यांचं व्हायचंय त्यांनी आधीच घरात सांगून ठेवा.

माझे बीजकोषही काढले, त्यामुळे पाळी हळूहळू जाण्याची वेळच आली नाही. एका रात्रीत गेली. भोपाळच्या जानेवारीत मी रजई फेकून पंखा लावायची. अंगाची लाही आणि घशाला कोरड. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा माझा नियम कित्येक वर्षांचा. सासूबाईंनीच उशाशी तांब्या ठेवला. म्हणाल्या, “अगं, नियम तब्येतीसाठी थांबतो.” तीन महिने थांबला.

अरेरा कॉलोनीत दहा नंबर मार्केटला शेजारीण भेटली. म्हणाली, “चलो दीदी, छुट्टी हुई!” खरंच, आता पर्युषणाआधी तारखा मोजणं नाही, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या नाहीत. मंदिर रोजचं.

पण माझी खरी सुट्टी तर गेली! बाजूला बसण्याचा मला रागच होता, आजही आहे. तरी लग्नानंतर मी जी काही पुस्तकं वाचली, ती बहुतेक त्याच चार दिवसांत. तेव्हा स्वयंपाकघर माझ्यावाचून चालायचं. आता महिन्याचे तीसही दिवस ओटा माझाच.

बीडच्या ऊसतोड बायकांचं मात्र उलट. त्यांना पाळीत सुट्टी नाही. कामाचा खाडा झाला की दंड. तीन वर्षांत त्या जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. कित्येकी तर माझ्या सुनेच्या वयाच्या. सहा आठवडे जड उचलू नका, हे त्यांना कोण सांगणार? डोक्यावर मोळी असते. वाचलं तेव्हा उशाशी तोच तांब्या होता, आणि मला माझ्या रजईची लाज नाही वाटली, राग आला. काढायला हवी म्हणून काढणं वेगळं आणि कामात आड येते म्हणून काढणं वेगळं.

हल्ली महिन्यातले दोन दिवस मी ओट्याकडे फिरकत नाही. पहिल्यांदा ह्यांनी विचारलं, “का, बरं नाही का?” म्हटलं, “बरं आहे. म्हणूनच.” परवा त्यांनी पोहे केले. मोहरी जळली होती, मीठ कमी. सासूबाईंनी वरून मूठभर शेव घातली आणि मला बाहेर खोलीत बशी आणून दिली.