३० सेकंदांची झाडीपट्टी

पोस्ट थोडी मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या गावातलाच आहे.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आपल्या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि पार होळीपर्यंत चालतो. वडसा म्हणजे या धंद्याची राजधानी. कंपन्यांची ऑफिसं तिथंच, गावोगावची मंडळंही नाटक बुक करायला तिथंच जातात. दिवसा शंकरपट, रात्री शामियान्यात तिकीट लावून नाटक, तेही पहाटेपर्यंत. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांतून प्रेक्षक कमी झाल्याची चर्चा ऐकतो, तेव्हा थंडीत चादर पांघरून बसलेला हा प्रेक्षक मला आठवतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सगळ्यांचीच छाती फुगली होती.

टीव्ही आला, सीडी आली, तरी झाडीपट्टी टिकली. मोबाईलनं तर फायदाच केला. नाटकाचं पोस्टर एका मिनिटात पन्नास गावांच्या ग्रुपवर जातं. नवा कलाकार यूट्यूबवरून ओळखीचा होतो. त्यामुळे तंत्रज्ञानाच्या नावानं बोटं मोडायला मी बसलेलो नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. नाटक चार-पाच तासांचं. त्यात हुंडा, दारू, शेतकऱ्याचं कर्ज, भावाभावांची वाटणी, सगळं येतं. मधे एखादी लावणी किंवा डान्स. तो सुरू झाला की पुढच्या रांगेत शंभर मोबाईल वर होतात. सकाळी ३० सेकंदांची क्लिप फिरते, खाली वाट्टेल ते लिहिलेलं. ज्यानं उभ्या जन्मात झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही, तोही मग म्हणतो, "तिकडे नाटकाच्या नावाखाली नंगानाच चालतो."

मागच्या हंगामात ओळखीच्या एका कलावंत ताईंशी बोललो. त्या नाटकात आईचं काम करतात आणि मंडळानं आग्रह धरला की एक लावणीही करतात. ती लावणी कुणीतरी खालून, नको त्या कोनातून शूट करून टाकली. ती क्लिप त्यांच्या मुलीच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाईलपर्यंत गेली. पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही. ताई म्हणाल्या, "दादा, तिसऱ्या अंकात बाया पदर लावून रडत होत्या. ते कोणी टाकलं नाही."

यावर काय उत्तर देणार?

दोष फक्त पोरांचा नाही. नाटक बुक करताना काही मंडळं आधी "डान्स किती?" हेच विचारतात, कथा नंतर. काही निर्मातेही मग तशीच नाटकं बांधतात. आणि आमच्या धंद्यातली काही पोर्टलंही व्ह्यूजसाठी तीच क्लिप उचलतात, वरून 'संस्कृती बुडाली' असं शीर्षक देतात. शिव्याही घालायच्या आणि पैसेही कमवायचे!

डान्स बंद करा, असं मी म्हणत नाही. लावणी ही कला आहे आणि त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. पण स्टेजवर उभी असलेली बाई तिकीट काढलेल्या प्रेक्षकांसमोर कला सादर करत असते. तिला जन्मभर मोबाईलमध्ये डांबून ठेवायचा परवाना त्या तिकिटात नसतो.

करता येण्यासारखं बरंच आहे. मंडळानं तिकिटावर आणि माईकवरून स्पष्ट सांगावं: नाटकाचं शूटिंग करायचं नाही. पुढच्या रांगांसाठी दोन स्वयंसेवक ठेवावेत. जाहिरातीसाठी क्लिप हवी असेल तर कंपनीनं कलाकाराला विचारून स्वतः काढावी, आणि त्यात एखादा चांगला प्रवेशही टाकावा. आणि आपल्या ग्रुपवर तशी क्लिप आली की पुढे पाठवायची नाही. एवढं तर आपल्या हातात आहे ना?

यंदा आपल्या गावातलं मंडळ नाटक बुक करायला वडशाला निघालं की त्यांना एवढंच सांगा: "भाऊ, डान्स किती ते नंतर पाहू. आधी नाटक कोणतं ते सांग."

पटलं तर आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहेच.