रात्री साडेबाराची सूचना

प्राणिशास्त्रात जैविक घड्याळाचा भाग शिकवायला मला फार आवडायचं. २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं, तेव्हा फळमाशीतल्या ‘पिरियड’ जनुकावर मी तास रंगवला होता. त्याचं प्रथिन पेशीत रात्री साठतं आणि दिवसा विघटित होतं, हे फळ्यावर आकृती काढून दाखवलं. अठरा-वीस वर्षांच्या वयात हे घड्याळ मुळातच उशिरा चालतं, मुलांना लवकर झोप येत नाही, हेही सांगितलं.

त्याच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मध्यरात्री सूचना टाकत होतो. जिओ आल्यापासून प्रत्येकाच्या हातात इंटरनेट होतं. घरची कामं आटोपली की मला उद्याचं प्रॅक्टिकल आठवायचं आणि मी लगेच लिहून मोकळा व्हायचो.

एकदा सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला एक मुलगी मायक्रोस्कोपवर डोकं टेकून झोपली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “रात्रभर व्हिडिओ बघायचे आणि झोपायला इथे यायचं!”

ती उठली. म्हणाली, “सर, जर्नल आज तपासणार असा तुमचा मेसेज साडेबाराला आला. तीनपर्यंत लिहीत होते.”

तिथे थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “रात्री फोन बंद ठेवायला काय होतं?”

“बंद ठेवला तर सूचना कशी कळणार, सर?”

मी हजेरी घ्यायला लागलो.

मुलं व्हिडिओ बघत नव्हती असं नाही. सूचना वाचायला फोन उघडला की बोट पुढे सरकतच जातं आणि तास निघून जातो, हे त्यांनीच नंतर सांगितलं. पण झोपायच्या वेळी तो फोन त्यांच्या हातात मी देत होतो आणि सकाळी त्यांच्याकडेच संयमाचा हिशेब मागत होतो. ताबा त्यांचा सुटला होता, तसा माझाही सुटला होता. मनात आलेली गोष्ट सकाळपर्यंत धरून ठेवणं मला जमत नव्हतं.

पुढे मी संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर लिहिणं बंद केलं. जर्नलची तारीख आठवडाभर आधी फलकावर लावू लागलो. कुणाचंही काही अडलं नाही.

ती मुलगी पूर्वी वर्गात सर्वांत जास्त प्रश्न विचारायची. त्या सकाळनंतर तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. मी तिची माफी मागितली, पण स्टाफरूममध्ये बोलावून. बोललो होतो भर वर्गात. माफीही तिथेच मागायला हवी होती.