पैसे देऊन बुडायला!

“आगं, पैसे देऊन बुडायला जातेत का कुणी?” सासूबाईंनी विचारलं आणि सगळं घर हसलं. मी मात्र हसले नाही. माझ्याही मनात नेमकं तेच होतं.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या तेलगावचे. चहूकडं ऊस, कापूस. आणि समुद्र म्हणाल तर शाळेच्या नकाशातला निळा रंग. आमचं पाण्याशी नातं घागरीचं आणि टँकरचं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडंही भाज्या धुतलेलं पाणी झाडांच्या वाट्याला जाई. माझं पाण्याशी आणखी एक नातं होतं, भीतीचं. नऊ वर्षांची असताना पोहरा ओढता ओढता मी माहेरच्या आडात पडले. काकांनी उडी घालून वर काढलं. तेव्हापासून अधिक मासात पुरुषोत्तमपुरीला गेले तरी गोदावरीच्या काठावर बसून तांब्यानं अंगावर पाणी घेणारी मी!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरलं आणि अकरा वर्षांच्या लेकीनं हट्ट धरला, समुद्राखाली जाऊन मासे बघायचेच. मी साफ नाही म्हटलं. ती म्हणाली, “तुला भीती वाटते म्हणून मी पण जायचं नाही का?” बोलून ती झोपली, मला काही झोप लागेना. लेकीला आपण दागिने देतो, चार भांडी देतो. ही भीतीही द्यायची का? सकाळी सांगून टाकलं, “आधी मी जाईन. मला ठीक वाटलं तर तू.”

कोल्हापूर मागं टाकून फोंडा घाट उतरलो आणि हवाच बदलली. कणकवलीहून मालवण. आदल्या दिवशी होडीनं सिंधुदुर्ग पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. तट, बुरूज सगळे पाहतात. मी उभी राहिले ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव! चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोड पाण्याच्या विहिरी. आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या बाईला याहून मोठं नवल ते कोणतं?

दुसऱ्या दिवशी किल्ल्याजवळच पाण्यात उतरायचं होतं. मंगळसूत्र, बांगड्या रुमालात बांधून ह्यांच्या हाती दिल्या. अंगभर घट्ट रबरी पोशाख, डोळ्यांवर काच, कमरेला शिशाची वजनं आणि पाठीवर टाकी. मला वाटे टाकीत ऑक्सिजन असतो. पण असते आपली साधी हवाच, दाबून भरलेली. नाक बंद, श्वास तोंडातल्या नळीनं. शिकवणारा मालवणी मुलगा म्हणाला, “ताई, भियाव नकात, मी आसय.” त्यानं दोन गोष्टी पक्क्या करून घेतल्या. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुफ्फुसाला इजा होते. कान दुखू लागले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. दर ३३ फुटांना आपल्यावरचा दाब हवेच्या दाबाइतका आणखी वाढत जातो, म्हणून हा उपाय.

डोकं पाण्याखाली गेलं आणि मी पुन्हा त्या आडात! तोच गारवा, तीच धडधड. खूण करून वर आले. त्या मुलानं घाई केली नाही. दुसऱ्यांदाही वर आले. तिसऱ्यांदा फक्त स्वतःचा श्वास ऐकत राहिले. आत, बाहेर. आडात श्वास नव्हता, इथं होता. एवढाच तर फरक!

मग वीसेक फुटांवर डोळे नीट उघडले. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा शाळा सुटल्यासारखा आला आणि गेला. मनगटावरचा लाल दोरा विटका दिसू लागला, कारण पाणी तांबडा रंग सगळ्यांत आधी गिळतं. आणि खाली खडकांवर प्रवाळ! कुणी मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं, कुणी पानांसारखं पसरट. मी आनंदानं अंगठा वर केला, तर त्या मुलानं मला थेट वरच आणलं! पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. ‘छान’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं असतं. होडीतली मंडळी पोट धरून हसली.

प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. इवल्या प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न आणि रंग देतं. समुद्र फार तापला की शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं आणि तसंच राहिलं तर मरतं. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे वीतभर प्रवाळ माझ्या लेकीच्या दुप्पट वयाचं! एका नांगरानं किंवा एका पायानं ते क्षणात मोडतं. आपल्या अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, पण हे मोडून घरी आणणं गुन्हा आहे. २००१ पासून या प्रवाळांना वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. मालवणचा हा भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

मैत्रिणींनो, जायचं असेल तर थोडं ध्यानात ठेवा. पावसाळ्यात हे बंद असतं. पाणी नितळ हवं तर डिसेंबरनंतर जा. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल किंवा दिवस गेले असतील तर उतरू नका. सर्दी असली तरी थांबा. भरपेट जेवून जाऊ नका. शिकवणाऱ्याकडं प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला लाजू नका. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्रही आहे. पोहता येत नसलं तरी चालतं, हे माझ्याकडं बघून पटावं. माशांना पाव, बिस्किटं टाकू नका आणि कशालाही हात लावू नका.

माझ्यानंतर लेक उतरली. पाण्यावर तिच्या श्वासाचे बुडबुडे येत होते, ते मी मोजत बसले. जीव टांगणीलाच होता, खोटं कशाला सांगू? पण तिला हाक मारून वर बोलावलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “मग, बुडालीस का?” म्हटलं, “बुडाले, आणि वरही आले.” यंदाच्या अधिक मासात पुरुषोत्तमपुरीला तांब्या नेणार नाही. डोक्यावरून बुडी मारणार आहे!